सहा नंबरचा बिल्ला

गणराज घरताला बांधखार गावात नावानं कोणी हाक मारत नाही. शेप्टी म्हणतात. लहानांसाठी शेप्टीकाका, आणि पाठ वळली की नुसतंच शेप्टी. न्हावा शेव्याकडच्या एका कंटेनर यार्डात सव्वीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर म्हणून घासलेला माणूस तो. गावात हळदीचा मांडव पडला की हा आधी वायरी बघणार, मग नवरदेवाला. डीजेवाला दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "अर्थिंग कुठं दिलंस रं?" लोक हसायचे. पण हसता हसता वायर उचलून बाजूलाही ठेवायचे.

माघातल्या त्या शनिवारी, सकाळी सात वाजता, हा शेप्टी स्वतःच्याच घरात गुडघ्यांवर बसून फरशीवरच्या वायरीला पिवळी-काळी पट्टी चिकटवत होता. घरात शूटिंग होतं. छोटंसंच, बारा मिनिटांची फिल्म, एका दिवसाचं काम. बाहेरची माणसं तीन. दिग्दर्शक निकेत, कॅमेरा आणि लाईट सांभाळणारा हर्षद, आणि फिल्ममध्ये काम करणारी हेतल. तिघं उरणच्या कॉलेजात प्रणालीबरोबर शिकलेली.

प्रणाली ही गणराजची मुलगी. एकुलती एक. गेल्या माघात ती गेली. फिल्म तिनंच लिहिलेली होती.

ती कशी गेली ते सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही, तेव्हा एकदाचं सांगून टाकावं. प्रणालीला ही फिल्म घरातच करायची होती. तिनं बापाला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी गणराजनं यार्डातला छापील फॉर्म आणून तिच्यापुढे टाकला. धोका कोणता, कोणाला, उपाय काय, असे तीन रकाने. "भरून दे, मंग बघू." त्याला वाटलं, पोर कंटाळेल. पोरीनं दोन दिवसांत भरून दिला. वायरीत पाय अडकणं, तापलेला लाईट पडद्याला लागणं, स्वयंपाकघरातला सिलेंडर, गच्चीचा कठडा नसलेला जिना, मागची विहीर, ओला ओटा. मोजून अकरा धोके. उपायांचा रकाना तिनं कोरा ठेवला होता आणि वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे बाबा सांगतील.'

बाबांनी काही सांगितलं नाही. लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'काम नामंजूर.' यार्डात असं केलं की धोका शून्य होतो. कामच झालं नाही तर अपघात कुठून व्हायचा? त्या दिवशी डबा खाताना त्यानं यार्डातल्या लोकांना ही गोष्ट हसून सांगितलीही होती.

प्रणालीनं आदळआपट केली नाही. तिनं फक्त गोष्टीतलं घर बदललं. मिठागराच्या बांधावर, खाडीचं पाणी आतबाहेर सोडतात त्या उघाडीजवळ, राखणदाराची एक रिकामी खोप आहे. खोपीला दार होतं, तेवढं तिला पुरे होतं. अष्टमीचा दिवस, भांगाची भरती. असल्या मऊ भरतीला खाडीकाठचं शेंबडं पोरसुद्धा भीत नाही. पण उघाडीच्या दगडी पायरीवर शेवाळ होतं, आणि ती एकटी होती. दुसऱ्या दिवशी तिवरांत सापडली. बांधावर तिचा मोबाईल स्टँडवर तसाच उभा होता, कोरडा ठणठणीत.

तेव्हापासून गणराजनं 'जपून' हा शब्द टाकला. यार्डात काम चालूच होतं, फॉर्म भरणं चालूच होतं, पण कोणाला 'जपून जा' म्हणायला त्याची जीभ उचलायची नाही.

पंधरा दिवसांपूर्वी वर्षश्राद्ध झालं आणि त्याच संध्याकाळी निकेत येऊन ओट्यावर बसला. बराच वेळ नुसता चपलेचा अंगठा बघत होता. मग म्हणाला, "काका, तिची फिल्म आम्हाला करायचीय. तिनं लिहिली तशी. याच घरात." गणराजनं तोंड उघडायच्या आत दाराआडून त्याची बायको मनुबाई बोलली. "व्हय बोला. अवो, या टायमाला तरी व्हय बोला."

तो व्हय म्हणाला.

मग त्यानं फाईलमधून तोच फॉर्म काढला. लाल रेघेवर कागदाची पट्टी चिकटवली आणि लेकीच्या तिरक्या अक्षरासमोर एकेक उपाय लिहीत गेला. वायर भिंतीकडेनं नेणे, पट्टी चिकटवणे. लाईट पडद्यापासून चार फूट. सिलेंडर मागच्या पडवीत. जिन्याला दोरी. विहिरीवर जाळी, वर फळ्या. ओटा ओला, पाय घसरण्याचा धोका: ओटा, पायऱ्या आणि फाटकापर्यंतच्या फरशीवर वाळू टाकणे. दहा मिनिटांचं काम होतं. वर्षापूर्वीही ते दहाच मिनिटांचं होतं.

अकरा झाल्यावर त्यानं पान उलटलं. मागं आणखी एक ओळ होती. वर्षभरात त्यानं ती पाहिलीच नव्हती. 'धोका १२: बाबा रागावतील. कोणाला: मला. उपाय:'

गणराज उठून विहिरीकडे गेला आणि तिथं उभ्याउभ्या रडला, मोठ्यानं, शेजारच्या वेणूबाईनं खिडकी लावून घ्यावी इतक्या मोठ्यानं. परत येऊन त्यानं बाराव्या धोक्यापुढे लिहिलं, 'रागावणार न्हाय.' आणि सही केली.

आठ वाजता तिघं आली. हर्षदनं लाईटच्या पेट्या उतरवल्या, तोच गणराजनं सगळ्यांना ओट्यावर उभं केलं. यार्डात काम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं बोलायची पद्धत असते, ती त्यानं घरातही सोडली नाही. ओट्याच्या कठड्यावर त्यानं एक स्टीलची थाळी ठेवली होती. थाळीत पत्र्याचे सहा गोल बिल्ले, एक ते सहा नंबर ठोकलेले. दाराच्या आतल्या बाजूला एक फळी, फळीवर सहा खिळे.

"आत जाताना आपला बिल्ला उचलायचा आनी खिळ्याला लावायचा. बाहेर पडताना काढून थाळीत टाकायचा. लघवीला गेलात तरी. मी एक नंबर, काकी दोन, निकेत तीन, हर्षद चार, हेतल पाच."

"काका, पाच जणांत कसली हजेरी?" हर्षद हसला. "टेन्शन नका घेऊ."

"पाचच असतात तवाच मानूस मागं राहतो, बाळा. जो तो समजतो, दुसऱ्याबरोबर असंल." मग त्यानं नेहमीची गोष्ट सांगितली. एका गड्याचा बिल्ला दुसऱ्यानं घाईत काढला, फळी रिकामी दिसली, आणि तो गडी दोन तास बंद कंटेनरमध्ये राहिला. "म्हनून आपला बिल्ला आपल्याच हातानं. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा न्हाय. आनी काम संपलं की समद्यांनी अंगणात यायचं. मी तीन हाका मारणार. फळी रिकामी झाली की मगच मी सही करणार."

"आणि सहा नंबर?" हेतलनं विचारलं.

"तो पाव्हन्याचा. एक जास्तीचा ठेवायचाच, कोन येईल सांगता येत न्हाय. पाव्हन्यानं बिल्ला उचलायचा आनी दारात थांबायचं. घरचा मानूस 'ये' बोलला की मगच आत येऊन लावायचा."

काम सुरू झालं. पहिले दोन तास बरे गेले. हेतलनं प्रणालीचाच निळा ड्रेस घातला होता. मनुबाईनंच तो कपाटातून काढून दिला होता आणि मग चुलीपाशी जाऊन भाकऱ्या थापत बसली होती. घरात माणसांचा आवाज होता. वर्षभर ज्या घरात घड्याळाची टकटकही मोठी वाटायची, तिथं निकेत "रोल" आणि "कट" ओरडत होता. गणराजला ते आवडत होतं. आपल्याला आवडतंय याची लाजही वाटत होती.

साडेदहाला तो आपला बिल्ला टाकायला ओट्यावर आला. थाळीत सहा नंबरचा बिल्ला एकटाच पडला होता. तो ओला होता.

दवाचा असेल असं वाटून त्यानं वर पाहिलं. साडेदहाला कसलं दव? समोर मिठागरं पांढरी फटक पडली होती, मिठाच्या राशींकडे बघवत नव्हतं. त्यानं बिल्ला उचलला. खालची थाळी कोरडी होती. बिल्ला सदऱ्याला पुसून त्यानं पुन्हा ठेवला आणि हात हुंगला. चिखलाचा वास होता, तिवराच्या मुळाशी असतो तसला.

ओट्याच्या टोकाला, पायरीच्या वरच्या बाजूला, फरशीवर ओल दिसली. पाट ठेवावा एवढीच. एखादं माणूस ओल्या कपड्यांनी बसून उठलं की राहते तेवढी. गणराजनं आधी टाकी पाहिली. भरली नव्हती. पाईप पाहिला, सांधा पाहिला, सगळं कोरडं. त्यानं ओलीवर मूठभर वाळू जास्त टाकली आणि खिशातल्या फॉर्मवर टिपून ठेवलं, 'ओटा, पूर्व टोक, पाणी कुठून ते समजले नाही.' सव्वीस वर्षांत असं वाक्य त्यानं फॉर्मवर कधी लिहिलं नव्हतं.

बाराला ऊन डोक्यावर होतं. ओल तेवढीच होती. टाकलेली वाळूही भिजली होती.

आणि थाळीत सहा नंबरचा बिल्ला नव्हता.

त्यानं आपला एक नंबर परत लावून फळी पाहिली. पाच बिल्ले, पाच खिळ्यांवर. सहावा खिळा रिकामा. थाळीत नाही, फळीवर नाही. "सहा नंबर कोनी उचलला?" तो आत जाऊन म्हणाला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हर्षदनं तर खिसे उलटे करून दाखवले. "आईशपथ काका, आम्ही नाय."

त्याला राग आला, आणि मग बारावी ओळ आठवून त्यानं तो गिळला. पोरांची गंमत असेल. नाहीतर कावळ्यानं नेला असेल, चमकणारी वस्तू बघून. पण मनातला हिशेबी माणूस गप्प बसेना. पाहुण्यानं बिल्ला उचलायचा आणि दारात थांबायचं, हा नियम त्यानंच सकाळी सांगितला होता. ऐकायला होतं कोण? ही तिघंच.

जेवणं दीडला झाली. तांदळाच्या भाकऱ्या, वांगं घातलेलं सुकट, कैरीचं लोणचं. मनुबाईनं पानं मांडली. सहा. गणराजनं ती दोनदा मोजली. ती हात पुसत दारापाशी गेली, बाहेर डोकावली आणि तिथूनच म्हणाली, "ओट्यावरच्या पोरीला बोलवा की जेवाया. कवाची बसलीय."

"कोनती पोरगी?"

"ती काय, पाठमोरी. केस धुतल्यानी जनू, पानी टिपकतंय. निळा ड्रेस..." बोलता बोलता ती वळली. हेतल तिच्यासमोरच बसली होती, निळ्या ड्रेसमध्ये, केस कोरडे, हातात भाकरी.

मनुबाईनं पुन्हा बाहेर पाहिलं नाही. ती आत आली, सहाव्या पानावर भाकरी वाढली, वर सुकट वाढलं, आणि चुलीकडे तोंड करून बसली. हर्षदला ठसका लागला तेव्हा सगळे दचकले.

गणराज ओट्यावर जाऊन उभा राहिला. कोणी नव्हतं. ओल होती. त्यानं त्या ओलीशेजारी बूड टेकलं आणि पाच मिनिटं नुसता बसला. गार वाटत होतं. त्याच्या मनात एकच होतं, आणि ते त्याला स्वतःशीही बोलता येत नव्हतं. आत असती तर वाचली असती. घर काही तिला खाणार नव्हतं. सगळे धोके काढायचे म्हणून त्यानं घराला कुलूप लावलं, आणि पोर बाहेर राहिली.

शेवटचा प्रसंग उन्हं कलल्यावर घ्यायचा होता. निकेत कागद घेऊन त्याच्याकडे आला. "काका, एक राहिलंय. वडिलांचं काम कोण करणार ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." त्यानं कागद पुढं केला. प्रणालीनं टाईप केलेला. पात्रांच्या यादीत शेवटची ओळ: 'वडील: बाबा (तयार झाले तर).'

"मला न्हाय जमायचं रं."

"दोनच वाक्यं आहेत. मुलगी खूप दिवसांनी घरी येते. दार वाजवते, तीनदा. तुम्ही दार उघडायचं, 'आलीस? ये आत' म्हणायचं. ती आत येते, तुम्ही दार लावता. संपली फिल्म."

गणराजनं कागदाकडे पाहिलं. ही गोष्ट होती होय. वर्षभर त्याला माहीतच नव्हतं की पोरगी कशाची फिल्म करत होती. त्यानं विचारलंच नव्हतं. त्यानं फक्त धोके विचारले होते.

पावणेसहाला ते उभे राहिले. दाराच्या आत गणराज. त्याच्या मागं कॅमेऱ्याशी हर्षद, बाजूला कानाला हेडफोन लावून माईक धरलेला निकेत. मनुबाई स्वयंपाकघरात. हेतल बिल्ला थाळीत टाकून बाहेर गेली. दार तीनदा वाजलं. गणराजनं उघडलं. निळ्या ड्रेसमध्ये हेतल उभी होती. "आलीस?" एवढंच तो म्हणाला. 'ये आत' राहूनच गेलं.

"होईल काका," निकेत हळूच म्हणाला. "परत एकदा. हेतल, मागून जा, केस नीट कर आणि परत दारात ये."

हेतल गेली. दार लागलं. निकेत "रोल" म्हणाला.

घरात शांतता झाली. खाडीकडून भरतीचं पाणी चढल्याचा वास आला.

दार वाजलं. एकदा. मग जरा थांबून दोनदा.

प्रणाली तसंच वाजवायची.

गणराजनं कडी काढली. दार उघडलं.

दारात कोणी नव्हतं. ओटा होता, वाळू होती, पलीकडे मिठाच्या राशींवर शेवटचं पिवळं ऊन. उंबऱ्यापाशी फरशीवर पाणी ठिबकत होतं. वरून काहीच पडत नव्हतं, तरी ठिबकत होतं.

तो घाबरला नाही. नंतर त्यालाच याचं नवल वाटलं.

"आलीस?" तो म्हणाला. "ये गो आत. जपून. पाय घसरंल."

तो बाजूला सरला. हाताजवळून गार काहीतरी गेलं, ओल्या केसांचा आणि चिखलाचा वास गेला. त्यानं दार लावलं. कडी घातली.

निकेत "कट" म्हणालाच नाही.

मग मागच्या पडवीतून चपलांचा आवाज आला आणि हेतल आत आली, तोंडात केसांची पिन धरून. "सॉरी, सॉरी. पिन सापडत नव्हती. घ्यायचं का आता?"

हर्षद कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागे जाऊन पाहत होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पडद्यावर गणराज दार उघडत होता, बोलत होता, बाजूला सरत होता, आणि त्याची नजर एका माणसाच्या उंचीवरून, दारापासून आतल्या खोलीपर्यंत, सावकाश कोणाच्या तरी मागं जात होती. निकेतनं हेडफोन काढून जमिनीवर ठेवला. दार वाजल्याचं त्यानंही ऐकलं होतं. आणि त्यानंतरचंही काहीतरी ऐकलं होतं, पण ते त्यानं पुढं कधीच कोणाला सांगितलं नाही.

"कोन आलं?" मनुबाईनं आतून विचारलं.

गणराजनं फळीकडे पाहिलं. सहाव्या खिळ्यावर बिल्ला लटकत होता. त्याच्या खालच्या कडेला पाण्याचा थेंब जमत होता, मोठा होत होता, पडत होता. पुन्हा जमत होता.

"आली," तो म्हणाला.

मनुबाईनं कपबशा काढल्याचा आवाज आला. तिनं सहा कप चहा गाळला. आतल्या खोलीत, प्रणालीच्या खोलीत, एक कप ठेवून आली आणि दार अर्धवट ओढून घेतलं. तिचे डोळे वाहत होते आणि तोंडावर हसू होतं. गणराजनं वर्षभरात ते पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, बस. आता आपल्याला काही नको. पोर घरात आहे. मिळालं.

पोरांना मात्र कधी एकदा निघतो असं झालं होतं. हेतलनं थाळीतला आपला बिल्ला आणून खिळ्याला लावला आणि तिघांनी भराभर सामान आवरलं. गणराजनं आपल्या पद्धतीनं एकेक गोष्ट पाहिली. लाईट थंड झाला का, प्लग काढला का, पट्टी सोडवली का. हात काम करत होते आणि मन आतल्या खोलीच्या दाराशी होतं. ही पोरं वाटेला लागली की आत जाऊन बसायचं. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. फार तर एवढंच सांगायचं, की बारावी ओळ वाचली, बाय. उशिरा वाचली.

साडेसहा वाजून गेले. हेतलनं आपला बिल्ला काढला, हर्षदनं काढला, निकेतनं काढला. थाळीत तीन आवाज झाले. मनुबाई पोरांना निरोप द्यायला अंगणात निघाली, तिनं दोन नंबर काढला. गणराजनं एक नंबर काढला, फॉर्म आणि पेन घेऊन तोही खाली उतरला. दार सताड उघडं होतं. अंगणातून फळी दिसत होती. पाच खिळे रिकामे, एकावर बिल्ला.

तो नेहमीच्या जागी उभा राहिला, दाराकडे तोंड, मागं माणसं. फॉर्मची शेवटची ओळ, काम संपल्याच्या सहीची, समोर होती. एक बिल्ला लटकलेला होता. सव्वीस वर्षं, रोज पाळी सुटताना, हे असंच चित्र डोळ्यांपुढे आलं की त्याच्या तोंडातून एकच गोष्ट निघत आली होती. तोंडाला सवय असते. मनाला विचारायला ते थांबत नाही.

"काम बंद!" गणराज ओरडला. "समद्यांनी बाहेर या!"

आतल्या खोलीचं दार किंचित करकरलं.

"काम बंद! आत कोन राहिलं असंल त्यानं बाहेर या!"

"अवो..." मनुबाई म्हणाली.

"काम बंद! समद्यांनी बाहेर..."

तिथं त्याला कळलं. त्यानं तोंडावर हात दाबला. पण हाक गेली होती.

खिळा रिकामा होता.

ओट्यावरच्या थाळीत टण्ण आवाज झाला. कोणीतरी पत्र्याचा बिल्ला नीट, हळूच ठेवावा तसा.

"तू न्हाय!" गणराज किंचाळला. "तुला न्हाय गो बोललो! तू रहा! प्रणाली, तू आत रहा!" तो पायऱ्या चढून आत धावला. खोलीत कप होता, चहावर साय धरलेली. पलंगाच्या कडेला ओल होती. बाकी काही नव्हतं. तो सगळ्या खोल्यांतून फिरला, गच्चीवर जाऊन आला, विहिरीवरच्या फळ्या उचलून पाहिल्या. हाका मारत होता. "ये गो, ये. मी कायबी बोलनार न्हाय." बाहेर पोरं एकमेकांना धरून उभी होती, आणि हेतल रडत होती.

तो परत ओट्यावर आला. थाळीत सहाही बिल्ले होते. पाच कोरडे, एक ओला.

मनुबाई जागची हलली नव्हती. ती ओरडली नाही, रागावलीही नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "पोरगी माझं कदी ऐकत न्हाय, असं बोलायचात ना जनमभर? बघा. आज ऐकलंन."

गणराज खाली बसला. दिवस मावळला होता, पण अजून दिसत होतं. ओट्यावर, पायरीवर, फाटकापर्यंतच्या फरशीवर त्यानं सकाळी टाकलेली वाळू पसरलेली होती, आणि वाळूत अनवाणी पावलांचे ओले ठसे होते, बोटं फाटकाच्या दिशेला. एकेक पाऊल बेतानं, सावकाश टेकवलेलं. फरशीवर जिथं जिथं वाळू विरळ होती तिथं तिनं पाय वळवून दाट वाळूवर ठेवला होता. त्यानं सांगितलं होतं तशी ती जपून गेली होती. एकही पाऊल घसरलं नव्हतं.

फाटकापुढे उघाडीकडे जाणारी बांधाची वाट होती. तिथं त्यानं वाळू टाकलेली नव्हती.